एका पायाची पँट

नववीच्या विषयांचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस सोमवार होता. त्या दिवशी टेलरमास्तरांनी त्यांच्या मुलीच्या फॉर्मवरचं 'गणित' खोडलं आणि 'गृहविज्ञान' लिहिलं. मी तिथे उभा होतो. मी काही बोललो नाही.

टेलरमास्तरांइतका संतापी माणूस आमच्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नाही आणि पुढेही होणार नाही. मागच्या महिन्यात ते वारले. तेव्हापासून सारं डोणगाव त्यांना देवमाणूस म्हणू लागलं आहे. शोकसभेत एका गृहस्थांनी 'मनमिळाऊ आणि शांत स्वभावाचे' असं म्हटलं, आणि सतरंजीवर बसलेल्या लोकांनी माना डोलावल्या. शांत! यांच्यापैकी निम्म्यांच्या अंगावर मास्तरांनी टेप फेकलेला आहे. मेलेल्या माणसाकडून त्याचा राग काढून घेणं ही मला चोरी वाटते. मला त्या सोमवारी आलेला राग अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहितो आहे, आणि सावकाश लिहितो आहे. घाईत लिहिलं तर त्यांच्यावर अन्याय होईल, आणि अन्याय करण्याइतका मी त्यांच्यावर रागावलेलोही आहे.

मास्तर कशावर चिडत नसत ते सांगणं सोपं, कारण तसं काही नव्हतंच. मुंबईहून दोन भोकांची बटणं आली तर ते चिडत. "चार भोकाचं बटन चांगलं होतं न बे! दोन भोकं वाचवून कोनाचं घर भरनार हाये?" एसटीचा ड्रायव्हर दुकानासमोर हॉर्न वाजवायचा, तर मास्तर मशीन थांबवून, खाली उतरून, बसच्या पुढे जाऊन उभे राहत आणि म्हणत, "वाजव आता. पोट भरून वाजव." समोरच्या हॉटेलातल्या रेडिओवर बातम्या लागल्या की प्रत्येक बातमीला इकडून उत्तर जाई, आणि निवेदक आपलं न ऐकता पुढची बातमी सांगतो याचाही त्यांना राग येई. इस्त्रीतला कोळसा विझला तर कोळशावर, पेटला तर इस्त्रीवर. पण हे सगळं किरकोळ. त्यांचा खरा, जपून ठेवलेला, ठेवणीतला राग जूनमध्ये बाहेर निघे, आणि तो मुलांच्या बापांवर असे.

त्याचं कारण असं. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्याकडे आठवीपर्यंत मुलगा हाफपँटमध्ये असायचा आणि नववीत गेला की त्याला पहिली फुलपँट मिळायची. विषयही नववीतच निवडायचे: विज्ञान, शेतकी, संस्कृत, चित्रकला, वगैरे. त्यामुळे गावातला प्रत्येक मुलगा आयुष्याचा मोठा निर्णय घेण्याच्या आठवड्यात मास्तरांच्या टेपखाली सापडायचा. मास्तरांचा नियम होता: आधी विषय, मग माप. कारण विषयाप्रमाणे खिसे. विज्ञानवाल्याला मागे एक लांबट खिसा, पट्टी आणि पेन्सिल राहील असा. शेतकीवाल्याला बैठकीवर आणि गुडघ्यावर दुहेरी शिवण, "थो ढेकलावर बसन, गादीवर नाई." चित्रकलावाल्याला पांढरं अस्तर नाही, रंग लागतो. संस्कृतवाल्याला मागचा खिसाच नाही. "तिथं का ठेवशीन? श्लोक?" दुकानाच्या भिंतीवर खडूने नावांची यादी असे आणि प्रत्येक नावापुढे विषय. हेडमास्तरांना एखाद्या मुलाचा विषय आठवला नाही तर ते शिपायाला शाळेच्या कपाटाकडे न पाठवता टेलरमास्तरांच्या भिंतीकडे पाठवत.

विषय सांगितला म्हणजे झालं असंही नाही. विषय कोणाचा, हे मास्तर विचारत. एकदा एक पाटील मुलाला घेऊन आले. मोठी शेती, मोठा फेटा, आणि मुलगा त्या फेट्याच्या सावलीत उभा.

"शेतकी," पाटील म्हणाले.

"तुमाले नाई इचारलं, पाटील. पँट कोनाची हाये?"

"पोराची."

"मंग पोट्ट्याले बोलू द्या. काय बे, शेतकी काऊन?"

मुलगा फेट्याकडे बघायला लागला.

"पाटील, या पोट्ट्याले बैल दिसला का घाम सुटते. मागच्या पोयाच्या सनाले थो माह्याच दुकानात लपला होता, त्या कापडाच्या गठ्ठ्यामांगं. त्याले शेतकी देता?"

"मंग वावर कोन पाहीन?"

"तुमी पाहा. तुमाले काय धाड भरली? बापाचं काम पोराच्या नरड्यात काऊन कोंबता? माह्या बापानं मले सातवीतून उठवलं अन् या मशीनीले जुंपलं. मशीन चालली म्हनून मी सुखी हाये असं वाटते का तुमाले?" आणि त्यांनी टेप काढून पाटलांच्या पायाशी टाकला.

पाटील संतापून मेहकरला गेले आणि तिथून पँट शिवून आणली. पण मुलाचं नाव भिंतीवर लागलं नाही, आणि गावात त्याची चर्चा झाली. पंधरा दिवसांनी पाटील पुन्हा दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "थो चित्रकला म्हनते." मास्तरांनी न बोलता टेप उचलला. तो मुलगा पुढे ड्रॉइंग मास्तर झाला. शोकसभेत पुढच्या रांगेत बसून तोही मान डोलवत होता.

माझं प्रकरण याहून वाईट. मी पुस्तकात तोंड घालून राहणारा, बोलायला कच्चा. वडील पोस्टात होते, त्यांना मी विज्ञान घ्यायला हवं होतं. मला संस्कृत हवं होतं, पण हे मी स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोललो नव्हतो. मास्तरांनी विचारलं, "तुले काय आवडते?" मी गप्प. "तोंडात काय दही हाये?" मी गप्प. मास्तरांनी माप घेतलं, हे आश्चर्य. दोन दिवसांनी पँट आणायला गेलो तर तिचा एकच पाय शिवलेला. दुसरा पाय कापलेल्या तुकड्यांच्या रूपात खिळ्याला लटकत होता.

"एवडं कापड एवड्या उत्तरापुरतं. उरलेलं उत्तर आन, उरलेला पाय घेऊन जा."

तीन आठवडे मी नववीच्या वर्गात हाफपँट घालून बसलो. वर्गातल्या मुली तोंडाला पदर नि ओढण्या लावून हसत. माझी ती एका पायाची पँट दुकानात दर्शनी लटकत होती आणि बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतले लोक विचारत, "मास्तर, हे कोन्या लंगड्याची हाये?" मास्तर म्हणत, "लंगडा नाई, मुका हाये." शेवटी मी एका चिठ्ठीवर 'संस्कृत' असं लिहून ती मशीनवर ठेवली आणि पळालो. त्याच संध्याकाळी मास्तर आमच्या घरी आले, वडिलांशी तासभर भांडले, आईने केलेला चहा 'साखर कमी हाये' म्हणून तिच्यावरही चिडले, आणि दुसऱ्या दिवशी पँटला दुसरा पाय आला. मागचा खिसा नव्हता. मी आज संस्कृत शिकवतो. माझं जे काही झालं ते त्या माणसाने तीन आठवडे माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहिली म्हणून झालं.

आता वत्सलाचं सांगतो.

वत्सला त्यांची एकुलती मुलगी, माझ्याच वर्गात. गणित तिला यायचं असं म्हणणं कमी पडेल. ती गणितात रमायची. दुकानातल्या कापायच्या फळीवर ती बापाच्याच खडूने भूमितीची आकृती काढून बसे. मास्तर येऊन बाहीने ती पुसत आणि त्यावर कापड पसरत. कापड पसरलं की वत्सला म्हणे, "बाबा, हे बाही आडवी ठेवा, वीतभर कापड उरते." आणि उरायचं. मास्तर चिडून म्हणत, "तुले कोनं सांगतलं?" पण बाही आडवी ठेवत.

मुलींना तेव्हा गणिताऐवजी गृहविज्ञान घेता येत असे. बहुतेक मुली घेतच. वत्सलाने स्वतःच्या अक्षरात, शाईने, 'गणित' लिहिलं होतं. फक्त पालकाची सही राहिली होती. त्या सोमवारी ती फॉर्म घेऊन दुकानात आली तेव्हा मी नव्या पँटची एक उसवलेली शिवण घालून घ्यायला थांबलो होतो. मास्तरांनी चष्मा लावला. फॉर्मच्या मागे विषयांची छापील माहिती होती. ती ते मोठ्याने वाचू लागले, प्रत्येक ओळीवर चिडत. गृहविज्ञानापाशी आले: पाकक्रिया, बालसंगोपन, शिवणकाम. तिथे थांबले. पुन्हा वाचलं. मग मशीनवर हात ठेवून उभे राहिले. मी त्यांना रागाशिवाय पाहण्याची ती पहिली वेळ.

"शिवनकाम," ते म्हणाले. "वच्छे, सरकारनं शिवनकाम शाळेत आनलं. त्याचे मार्क देतेत! माह्या बापानं मले शाळेतून काढून मशीनीवर बसवलं, अन् आता मशीनच शाळेत गेली, पाह्य." त्यांनी बाहीने चष्मा पुसला. "यात तुह्या पुढं कोन जाईन?"

त्यांनी पेन घेतला आणि गणित खोडलं. वत्सलाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर दोन पायांची पँट होती. ज्या माणसाने बापांच्या पायाशी टेप टाकले त्याला कुणीतरी त्याचंच वाक्य ऐकवायला हवं होतं: तुमाले नाई इचारलं, मास्तर, फॉर्म कोनाचा हाये? सात शब्द. त्या दुकानात ते मला नुकतेच फुकट शिकवले गेले होते. मी म्हटलं, "मी जातो, मास्तर," आणि गेलो.

मला त्यांचा राग येतो तो एवढ्यासाठी. पाटलाच्या पोराला विचारलं, मला तीन आठवडे विचारलं, गावातल्या कोणाच्याही कार्ट्याला विचारलं, आणि स्वतःच्या पोरीला एकदाही नाही. आणि माझा राग येतो तो कशासाठी, ते वर लिहिलं आहेच.

वत्सला शिवणकामात पहिली आली. मास्तरांनी तिने शाळेत काढलेला भरतकामाचा रुमाल काच लावून दुकानात टांगला. मॅट्रिक झाल्यावर ते तिला घेऊन अकोल्याला निघाले. पोरीला कॉलेजात घालणारा आमच्या पेठेतला पहिला बाप. मीही त्याच बसमध्ये होतो, माझ्याही प्रवेशासाठी. वाटेत त्यांनी अखेर विचारलं, "वच्छे, कॉलेजात काय घेशीन?" आणि वत्सला, तेवढ्या एका प्रश्नाची वाट पाहत असल्यासारखी, लगेच म्हणाली, "सायन्स." मास्तर खूश झाले. "घे. इंजिनेर हो."

खिडकीवरच्या कारकुनाने गुणपत्रिका पाहिली आणि नम्रपणे सांगितलं की, गणित नाही, सायन्सला प्रवेश मिळणार नाही, आर्ट्सला घ्या. मास्तर असे भडकले की सगळी रांग वळून पाहू लागली. "एवडी हुशार पोरगी! हिले गणित काऊन नाई देल्लं? कोन्या गाढवानं भरला हिचा फॉर्म? नाव सांगा त्या मास्तरचं, मी पाह्यतो त्याले!" कारकून गोंधळून वत्सलाकडे बघायला लागला. वत्सला खाली बघत होती. मी रांगेत तिसरा होतो. मीही खाली बघत होतो.

"आर्ट्स घेते का, बेटा?" मास्तरांनी शेवटी विचारलं.

"नाई. घरी चाला."

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या मागच्या बाकावर होतो. मेहकर येईपर्यंत मास्तर कारकुनाला, कॉलेजला, शाळेला शिव्या देत होते. मेहकरनंतर गप्प झाले. गावाच्या अलीकडे ड्रायव्हरने उगीच लांबलचक हॉर्न वाजवला, तरी ते काही बोलले नाहीत. मग हळू म्हणाले, "वच्छे, थो फॉर्म मीच भरला होता न?"

"हाव, बाबा."

त्यानंतर टेलरमास्तर कुणावर चिडले नाहीत. दोन भोकांची बटणं त्यांनी मुकाट लावली. रेडिओला उत्तर दिलं नाही. पुढच्या जूनमध्ये भिंतीवरची यादी ओल्या फडक्याने पुसली, आणि मुलं आली की नुसतं माप घेऊ लागले. लोक म्हणाले, मास्तर वयामुळे निवळले. शोकसभेतल्या गृहस्थांना आठवले ते हे मास्तर. मी ज्यांच्यासाठी रडलो ते त्या बसमध्येच संपले होते.

तेराव्यानंतर मी दुकानात गेलो. वत्सलाचं लग्न गावातच झालं आहे, त्यामुळे दुकान आता तीच चालवते. ती फळीवर कापड पसरून उभी होती. मी म्हटलं, "वत्सला, तुला तेव्हा गणितच हवं होतं ना?"

तिने कात्री थांबवली नाही. "आता इचारतं का बे?" ती म्हणाली. कडेपर्यंत कापत नेऊन म्हणाली, "तुले त माहीतच होतं."

"हो."

"मंग जाऊ दे. बाबाले माहीत नोतं." आणि तिने बाही उचलून आडवी ठेवली.

भिंतीवर यादी होती तिथे पांढुरका डाग आहे. जून लागला आहे आणि नववीची मुलं पँट शिवायला येत आहेत. वत्सला कुणाला विषय विचारत नाही. सगळ्यांना सारखेच खिसे लावते.