दुसऱ्या नंबरचं गाणं

आज रवा भाजताना तुपाचा वास सुटला आणि लॉकडाऊनमध्ये परदेशी नातीच्या घरी अडकले होते, तेव्हाची ती दुपार आठवली.

शेजारच्या केन आजोबांची बायको जोन नर्सिंग होममध्ये शेवटचे दिवस मोजत होती. भेटायला बंदी होती. आजोबा रोज कुंपणापाशी बसून जुनी तबकडी लावत आणि फोनवरून तिला ऐकवत. फार जुनं इंग्रजी प्रेमगीत होतं ते. त्यांनी माझ्या नातीला सांगितलं होतं, "रेडिओवरच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत हे पहिलं आलं की लग्न करू, असं जोन म्हणायची. दर आठवड्याला आम्ही रेडिओला कान लावायचो. गाणं दुसऱ्या नंबरपर्यंत चढलं आणि तिथूनच उतरलं. मग म्हणाली, चल, दुसराही काही वाईट नाही!"

त्या दुपारी मी नातीबरोबर शिरा द्यायला गेले. गाणं संपलं. फोनमधून क्षीण आवाज आला.

नात कुजबुजली, "आजी, शी इज आस्किंग, या वीकला कितवं आलं?"

"नंबर वन, लव्ह," आजोबा म्हणाले. "नंबर वन."

एवढं इंग्रजी मला कळलं. नात म्हणाली, "पण आजी, ते तर..." मी तिचा हात दाबला.

आजोबा रडत होते. जवळ जाता येईना, बोलायला भाषा नाही. वाटी हातात धरून मी नुसती उभी राहिले.

तेव्हा वाटलं, बिचारी जोन विसरली. आता वाटतं, तिला सगळं आठवत होतं. आजोबांना तिच्यासाठी दुसरं काहीच करता येत नव्हतं, म्हणून तिने त्यांना एवढं एक उत्तर द्यायला लावलं.

मला मात्र उत्तर देता येईल असं कुणी काही विचारलं नाही. शिरा हातातच गार झाला.