तांबड्या रेषेखालचे तीन ठिपके

माजिवड्याचा लिनो परेरा ठाण्याच्या एका खासगी इंग्रजी शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत असे. साल १८८६. शाळेचे चालक सोमवारी पाहणीला येणार होते. त्यांचे समाधान झाले, तर कित्येक वर्षे तात्पुरता राहिलेला लिनो कायम होणार होता.

पाहणीत दाखवण्यासाठी त्याने वर्गाकडून एक प्रयोग करून घेतला. उकळते पाणी भांड्यात ओतायचे, थोड्या थोड्या वेळाने उष्णतामापक पाहायचा आणि पाणी कसे निवत जाते ते चौकटीच्या कागदावर ठिपक्यांनी दाखवायचे. ऐन वेळी काचेचे भांडे तडकले. किरिस्ताव मास्तराच्या हाती आपले पितळी भांडे कोणते घर देणार? लिनोने आपल्याच घरचे मातीचे मडके आणले.

ठिपके आधी भराभर उतरले, मग सावकाश. हवेचे तापमान दाखवणारी आडवी रेषा लिनोने तांबड्या शाईने आखली होती. तिथे येऊन ठिपके थांबणार, अशी सगळ्यांची खात्री. पण शेवटचे तीन तिच्याही खाली गेले.

हेडमास्तर हरिहरपंतांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मास्तर, आपोआप निवणारं पाणी हवेपेक्षा थंड? पुस्तकात आहे असं कुठे?"

"पुस्तकात काचेचं भांडं आहे, पंत. मडकं पाझरतं. बाहेर आलेलं पाणी उडून जातं, जाताना आतली उष्णता नेतं."

"मापक बिघडला असेल."

"तोच कोरडा पुसून हवेत धरला, तर बरोबर तांबड्या रेषेवर आला. पाण्यात तेवढा बिघडतो होय?"

"हे पाहा, चालकांना पुस्तकातली रेघ ठाऊक आहे. ते तीन ठिपके रबराने खोडा आणि कायम व्हा."

"एकदा हात लावून पाहा. गार लागेल."

पंतांनी हात उपरण्यात ओढून घेतला. त्या मडक्याला शिवले, तर घरी जाऊन अंघोळ करणे आले.

"मग तुमच्या माठाला लावा," लिनो म्हणाला. "उन्हातून आल्यावर त्यातलंच पाणी का मागता?"

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसले. पंत ताडताड निघून गेले.

घरी बायकोने, ज्युलियानाने, सगळे ऐकून घेतले. कायम पगाराची वाट तीही पाहत होती.

"खोडून आलास, तर माझं मडकं घरात आणू नको," एवढेच ती म्हणाली.

सोमवारी चालकांनी भिंतीवर लावलेल्या कागदावर काठी टेकवली. "हे तीन चुकलेत ना?"

"होय होय, मास्तर दुरुस्त करताहेत," पंत घाईने म्हणाले.

"नाही," लिनो म्हणाला. "पाणी जिथे गेलं, तिथेच ठिपका आहे. चुकला तो आपला अंदाज."

चालक काठी उचलून पुढच्या वर्गात गेले. लिनो तात्पुरताच राहिला.

कागद मात्र भिंतीवरून उतरला नाही. आणि दर फाल्गुनात लिनो मडके खांद्यावर घेऊन माजिवड्याहून चालत येई, ते टेबलावर ठेवी आणि नव्या वर्गाला सांगे, "ज्याला विटाळ वाटतो त्याने लांबून पाहावं. पण ठिपका दिसेल तिथेच काढायचा."