शाल, श्रीफळ आणि मुलीचा दाखला

शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी गोंदियातल्या एका केंद्रात मार्गदर्शक झाले. नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेल्या बायकांना स्वतःच्या पायावर उभं करायचं, हे काम. तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि आपल्याला आता सगळं समजतं, असं मला वाटायला लागलं. जन्मभर वर्गात बोललेल्या माणसाला असा भ्रम होतोच.

माझ्या वाट्याला आलेली बाई सौंदडपलीकडच्या एका गावची. मी काही सांगायच्या आतच तिनं वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळवलं होतं, भाड्याची खोलीही. मी फक्त 'शाब्बास' म्हणाले. अडलं होतं एकच: तिच्याबरोबर आलेल्या तिसरीतल्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला. गावच्या शाळेचे गुरुजी म्हणत, बापाची सही आणा. बाप म्हणे, आधी बायको आणा. आणि गोंदियाची शाळा आठ दिवसांत सुरू होणार होती.

मग गावच्या तंटे मिटवणाऱ्या समितीनं बैठक लावली. ही समिती फार कामसू. नवरा-बायकोला शेजारी उभं करायचं, नवऱ्याला शाल-श्रीफळ द्यायचं, फोटो काढायचा, की मिटला तंटा. या नवऱ्याचे असे तीन सत्कार झाले होते. मारण्यात एवढं सातत्य राखणाऱ्याचा गौरव व्हायलाच हवा. चौथा नारळ टेबलावर तयार होता आणि त्यामागे समितीचे सदस्य म्हणून गुरुजीच बसले होते.

"काऊन अडून राहिली वो?" अध्यक्ष तिला म्हणाले. "लेकरासाठी तरी घरी ये. सुधरून राहिला ना तो."

नवरा मान खाली घालून बसला होता. ते त्याला छान जमायचं.

मी तिच्या कानाशी लागले. "आत्ता हो म्हण. दाखला हातात पडू दे, मग बघू."

तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तिन्ही खेपेले हो म्हटलं मी. फोटो झाला, तुमी आपापल्या घरी गेले. मंग मले कोन वाचवाले आला?"

ती गुरुजींसमोर जमिनीवर बसली. "दाखला लिवा. भेटल्याबिगर मी उठत नाई."

जेवणाची वेळ टळून गेली तरी ती उठली नाही. सदस्यांची पोटं बोलायला लागली, तेव्हा कुठे न्यायाला वाट सापडली. त्यांनी दटावल्यावर नवऱ्यानं सही केली, गुरुजींनी दाखला लिहिला.

परतीच्या एसटीत मी सारवासारव करायला तोंड उघडलं. ती दाखल्याची घडी घालत म्हणाली, "बाई, पुढच्या बाईले 'हो म्हन' असं नोका सांगजा. एखादी जित्ती वापस येत नाई."

मला फार लाज वाटली. ती माझ्या शेजारी धडधाकट बसली होती आणि त्यात माझा काडीचाही वाटा नव्हता.