मावशीचा कोरा मेल

माझी मावशी पळालेल्या माणसांना फोन करते. त्याचाच तिला पगार मिळतो. तिच्या शेजारणीची समजूत आहे की ती वसुलीच्या धंद्यात आहे, त्यामुळे जिन्यात गाठ पडली की ती बाई भिंतीला चिकटून मावशीला वाट देते. मावशीने हा गैरसमज अजून दूर केलेला नाही. म्हणते, "राहू दे गं. साखर मागायला यायची बंद झालीये."

खरं काम असं आहे. इंटरनेटवर काही सुरू करायचं तर वेबसाइटला नाव लागतं, आणि चांगली, सुटसुटीत नावं बहुतेक कोणीतरी आधीच घेऊन ठेवलेली असतात. ज्याला नाव हवं असतं तो ते मालकाकडून विकत घेतो. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, पुढे कधी भेटणारही नसतात, म्हणून मध्ये आमचं ऑफिस. घेणाऱ्याने पैसे आमच्याकडे ठेवायचे, देणाऱ्याने त्या नावाचा कोड आम्हाला द्यायचा. कोड म्हणजे नावाची किल्लीच. दोन्ही हातात आलं की आम्ही अदलाबदल करून देतो. ऐकायला सोपं वाटतं. पण "हो" म्हणणं आणि किल्ली देणं यांच्या मधल्या काळात भलेभले कच खातात. घेणारा फोन उचलेनासा होतो. देणाऱ्याला अचानक साक्षात्कार होतो की आपलं नाव सोन्याचं आहे. अशी सगळी प्रकरणं मावशीच्या टेबलावर येतात.

आमचं ऑफिस एका चष्म्याच्या दुकानावर आहे. खाली भिंगं घासायचं यंत्र दिवसभर कुरकुरत असतं आणि आमच्या खुर्च्यांना त्याचा बारीक कंप जाणवतो. मावशीचं टेबल खिडकीशी, माझं तिच्या मागे, पाठीला पाठ लावून. मला इथे चिकटवलं तिनेच, आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "इथे भाची म्हणून लाड नाहीत." तिने शब्द पाळला. माझ्या चुका ती साऱ्या ऑफिसला ऐकू जातील अशा आवाजात सांगते.

तिची पद्धत तिची स्वतःची आहे. आम्ही बाकीचे मेल लिहितो, नियम दाखवतो, आणि उत्तर येत नाही म्हणून चडफडतो. मावशी फोन उचलते. तू का पळालास, असं ती कधीच विचारत नाही. विचारते, "हे नाव तुम्हाला कसं सुचलं होतं?" माणूस गडबडतो. भांडायच्या तयारीने बसलेला असतो आणि ही बाई त्याला कौतुकाने काहीतरी विचारत असते. मग तो बोलायला लागतो, आणि बोलता बोलता कारण सांगतो. ते पहिलं कारण खोटं असतं, हे मावशीचं ठाम मत आहे.

"पहिल्या कारणाला उत्तर द्यायचं नाही," तिने मला शिकवलं. "नुसतं 'बरं' म्हणायचं आणि गप्प बसायचं. खोटं कारण फार वेळ शांततेत तग धरत नाही."

एका व्यायामशाळेच्या मालकाने लिलावात चढी बोली लावून नाव जिंकलं आणि नंतर काखा वर केल्या. मावशीला म्हणाला, "अहो, माझा छोटा मुलगा फोनशी खेळत होता, त्यानेच बटण दाबलं."

"बरं," मावशी म्हणाली. मग राहवेना म्हणून पुढे म्हणाली, "हुशार आहे हो मुलगा. समोरच्याने भाव वाढवला की लगेच वाढवत होता, आणि मध्ये जेवायलाही उठला होता."

पलीकडे तो हसायला लागला, आणि हसता हसता त्या धिप्पाड माणसाचा आवाज फुटला. त्याचा भागीदार सगळं सोडून निघून गेला होता आणि ही गोष्ट त्याने अजून घरीसुद्धा सांगितली नव्हती. मावशीने त्याला सोडलं. नाव विकणाऱ्याला तिने स्वतः फोन करून सांगितलं की हा व्यवहार होणार नाही, घेणाऱ्यावर अडचण आलीये, तुम्ही दुसरा माणूस बघा. साहेब कुरकुरले, तेव्हा म्हणाली, "मी माणसं ओढून आणायला बसलेली नाही. दुसऱ्या टोकाला कोणीतरी वाट बघत असतं. त्याला हो किंवा नाही, काहीतरी खरं कळायला हवं."

हे वाक्य ती इतक्या वेळा बोलते की आम्ही चहाच्या वेळी तिची नक्कल करतो. तिला ते माहीत आहे. आम्हाला नक्कल जमत नाही, असं तिचं म्हणणं आहे.

आणखी एक सवय सांगायलाच हवी. व्यवहार पुरा झाला, पैसे पोचले, सगळे खूश झाले, तरी मावशी तो पुरा मानत नाही. विकलेल्या नावावर जुन्या मालकाचा जो ईमेल पत्ता असतो, तोही नावाबरोबर बंद व्हायला हवा, म्हणून त्यावर ती एक कोरा मेल टाकते. तो पोचला तर अजून कुठेतरी घोडं पेंड खातंय. 'असा पत्ता नाही' म्हणून परत आला, की ती मान डोलावते. "घर रिकामं झालं. आता लिही, पूर्ण." तोवर नाही.

काकांचं, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचं, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. काका म्हणजे बोलका माणूस, तिच्यासारखाच जिभेला हाड नसलेला, फक्त आवाज जास्त मऊ. मावशीने हट्टाने त्यांच्या दुकानासाठी 'सुईदोरा' हे वेबसाइटचं नाव घेऊन दिलं होतं. ते गेले, दुकान गेलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पण 'सुईदोरा'ची वर्षाची फी मावशी न चुकता भरत राहिली. आम्ही कोणी त्याबद्दल विचारलं नाही.

आणि मग आमच्याच ऑफिसमार्फत त्या नावाला गिऱ्हाईक आलं. एक बाई, गणवेश शिवायच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, घरबसल्या लोकांना रफू आणि अल्टरेशन शिकवायचे वर्ग काढणार होती. तिला हेच नाव हवं होतं. मावशीने प्रस्ताव वाचला आणि त्याच दुपारी हो म्हणून टाकलं. "पडून राहिलंय," म्हणाली. "कोणाच्या तरी कामाला येईल." साहेबांनी पेढे मागवले नाहीत इतकंच, नाहीतर आम्हाला सगळ्यांना आनंदच झाला होता.

बाईने पैसे भरले. कोड काही येईना.

एक दिवस गेला, दुसरा गेला, मग आठवडा गेला. मावशी रोज येत होती, पळपुट्यांना फोन लावत होती, आणि तिचं स्वतःचं प्रकरण मुदत टळून यादीत लाल होऊन बसलं होतं. आम्ही सगळे मूग गिळून. कोण बोलणार? शेवटी साहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"रद्द करून टाकू," ते हळूच म्हणाले. "मावशींचं आहे. त्या बाईंना कळवू, काहीतरी तांत्रिक अडचण आली."

मला ते पटकन पटलं, हे कबूल करते. माझा फार जीव आहे मावशीवर, आणि तिला कोणी त्या नावाबद्दल छेडावं असं मला वाटत नव्हतं. पण 'तांत्रिक अडचण' हे शब्द ऐकले आणि मी कानकोंडी झाले. दुसऱ्या टोकाला ती बाई बसली होती. तिला आम्ही खोटं कारण देणार होतो, आणि तेही मावशीच्या नावावर.

मी जागेवर येऊन मावशीला फोन लावला. घंटी माझ्या पाठीमागेच वाजली.

"हॅलो," मावशी म्हणाली, फोनमध्ये आणि पाठीमागे, दोन्हीकडून.

"नमस्कार. व्यवहार विभागातून बोलतेय," मी म्हणाले. "'सुईदोरा' हे नाव तुम्हाला कसं सुचलं होतं?"

तिची खुर्ची जराही हलली नाही. मला वाटलं, आता ही उठून माझा कान पिळणार.

"बोला," ती म्हणाली. "नाव ह्यांना सुचलं होतं. मी 'शिलाई सेवा' म्हणत होते. हे म्हणाले, असलं नाव ठेवलंस तर मी दुकानात येणार नाही."

"बरं. आणि कोड द्यायचा राहिलाय."

"हो. त्याचं काय आहे, माझा बँकेतला ईमेल त्याच नावावर आहे. सगळीकडे बदलावा लागेल. फार किचकट काम."

तिचा बँकेतला ईमेल मीच उघडून दिलाय. तो 'सुईदोरा'वर नाही. तोंडापर्यंत आलं होतं.

"बरं," मी म्हणाले आणि गप्प बसले.

खाली भिंग घासलं जात होतं. समोरच्या टेबलावरच्या मुलीने टायपिंग थांबवलं. मी आयुष्यात एवढा वेळ गप्प बसले नसेन.

"'सुईदोरा'च्या पत्त्यावर मेल टाकला की ह्यांचं उत्तर येतं," मावशी म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता. "आपोआप येणारं. शेवटी शेवटी दुकानात बसणं होत नव्हतं ना, तेव्हा एका बोटाने टाइप करून लावून ठेवलं. 'तुमचा निरोप पोचला. मी मशीनखाली आडवा आहे आणि हात तेलाने माखलेत. बाहेर आलो की लिहितो. घाई असेल तर या, चहा पाजतो.' मी अधूनमधून कोरा मेल टाकते. लगेच येतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर खुर्ची हलली असती.

"मावशी, आपण त्या बाईंना सांगू ना, तेवढं उत्तर चालू ठेवा म्हणून. त्या नाही म्हणणार नाहीत."

"मावशी कोणाला म्हणताय? काम चाललंय," ती म्हणाली. "आणि हो म्हटल्यावर नवी अट घालायची नाही. ते पळणंच झालं, नुसते बरे कपडे घालून."

"मग त्याचा फोटो तरी काढून ठेवू."

"फोटो घेऊन काय करू? मी लिहिलं की ते उत्तर द्यायचे. तेवढंच होतं." मग तिने विचारलं, "त्या बाईंनी नावाच्या पट्ट्या विणून घेतल्या का गं? कापडाला लावायच्या?"

नाव हातात यायच्या आधीच छापून, रंगवून मोकळं होणं, ही घेणाऱ्यांची नेहमीची चूक. मी प्रकरण बघितलं होतं. "घेतल्यात. पिशव्यांवर शिवूनही झाल्यात."

"वाटलंच मला. सगळे तेच करतात." तिने श्वास सोडला. "लिहून घ्या. कोड सांगते."

ती एकेक अक्षर सांगत गेली आणि मी टाइप करत गेले. एकदा माझं चुकलं, तर साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल असं ओरडली. मला इतकं बरं वाटलं. मी तिला जन्मापासून ओळखते, तिच्या तोंडाला घाबरते, तिने इस्त्री केलेले कपडे घालून शाळेत गेलेय. पण तिच्याबद्दल मला जे काही वाटतं ते त्या क्षणी पहिल्यांदा मला धड कळलं. साऱ्या जगाला लावलेली मोजपट्टी तिने स्वतःला लावली होती, आणि तीही माझ्यासारख्या शिकाऊ मुलीच्या हातून.

नाव त्या बाईंकडे गेलं. प्रकरण माझं होतं, तेव्हा कोरा मेल मीच टाकायचा होता. मी आज टाकते, उद्या टाकते करत राहिले. एका सकाळी पाठीमागे मावशी म्हणाली, "तू काही टाकायची नाहीस," आणि तिने तो स्वतः टाकला.

मी वळून तिच्या स्क्रीनकडे बघितलं. आम्ही दोघी बघत होतो. मेल परत आला. असा पत्ता अस्तित्वात नाही.

मावशीने तो पूर्ण वाचला, खालच्या बारीक अक्षरांसकट. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला.

"आले हे बाहेर," ती म्हणाली. "लिही, पूर्ण."

मी लिहिलं. तिने यादीतला पुढचा नंबर लावला. पलीकडून कोणीतरी घाईघाईने काहीतरी कारण सांगत होतं. मावशी "बरं" म्हणाली, फोन दुसऱ्या कानाला लावला, आणि तो माणूस खरं बोलेपर्यंत थांबायला खुर्चीत नीट मागे टेकून बसली. तिची खुर्ची माझ्या खुर्चीला टेकली आणि तिने ती काढून घेतली नाही.