भुशाची शेगडी

आमची मोठी मुलगी पाच महिन्यांची होती तेव्हाची ही गोष्ट. आम्ही डोंबिवलीत नवे होतो. भातखाचरांच्या कडेला एक बैठी चाळ होती, तिच्यातली टोकाची खोली आम्हाला मिळाली होती. पावसाचा सगळा मारा तिच्यावरच. यजमान मुंबईला एका कचेरीत कारकून होते. सकाळी जायचे ते दिवेलागणीला परत यायचे. मधला सगळा दिवस मी आणि बाळ, दोघीच.

घरच्या घरी वस्तू करायची मला हौस होती आणि आमची तशी गरजही होती. जुन्या धोतरांचे लंगोट, आईच्या नऊवारीची दुपटी, उरलेल्या तुकड्यांची झबली. पाळणा यजमानांनी खोक्याच्या फळ्यांचा ठोकला होता. त्याच्या कडा मी काचेच्या तुकड्याने खरवडून अशा गुळगुळीत केल्या होत्या की शेजारच्या काकू त्यावर हात फिरवून म्हणाल्या, "सुताराच्या घरची गो तू?" या काकू रत्नागिरीकडच्या. त्यांची खोली आमच्या खोलीला लागून होती.

आषाढात बाळाला खोकला झाला. माझा धाकटा भाऊ असाच पावसाळ्यात छातीत कफ भरून गेला होता. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्याच्या छातीची घरघर माझ्या कानांतून कधी गेलीच नाही. बाळ खोकलं की मला तीच ऐकू यायची. थंड वारा, ओला लंगोट, दमट भिंत, सगळ्याची मला धास्ती बसली.

मग मी खोलीच्या मागे लागले. दाराखालच्या फटीला गोणपाटाची वळकटी खिळ्यांनी ठोकली. खिडकीच्या फटींवर खळ लावून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या. कौलांखालच्या मोकळ्या जागेत चिंध्या कोंबल्या. वारा आत यायचा थांबला, तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं.

राहिला प्रश्न लंगोट वाळवायचा. त्यासाठी यजमान कल्याणच्या लाकडाच्या वखारीतून पोतंभर भुसा घेऊन आले आणि एका जुन्या डब्याची शेगडी मी स्वतः केली. डब्याला खालच्या बाजूला भोक पाडायचं. मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा दाबून दाबून भरायचा, मग बाटली अलगद काढून घ्यायची. खालून पेटवलं की तो भुसा दुपारभर धुमसत राहायचा. त्यावर बांबूची टोपली पालथी घालून मी लंगोट पसरायची. तासाभरात कोरडे आणि ऊबदार.

मी निष्काळजी नव्हते, हे मला सांगायलाच हवं. शेगडी मी बाहेर ओट्यावर पेटवायची. धूर पूर्ण बसला की मगच आत आणायची. धूर गेला म्हणजे धोका गेला, एवढंच मला ठाऊक होतं.

खोकला खरोखरच थांबला. बाळ शांत झोपायला लागलं. दुपारी दूध पिऊन झोपलं की चारचार तास हूं की चूं नाही. काकू म्हणाल्या, "काय गुणाची पोर! माझ्या पोरांनी मला बसू दिलं नाही कधी." मला बरं वाटलं. पण दोनतीन दिवसांनी तिची झोप बघून आत कुठेतरी धसका बसायला लागला. उठवलं तरी ती डोळे अर्धवट उघडायची, माझ्या चेहऱ्याकडे न बघता पुन्हा मिटायची. माझंही डोकं दुपारी ठणकायचं, मळमळायचं. पाणी आणायला विहिरीवर गेले की डोकं उतरायचं आणि घरात आले की पुन्हा धरायचं. या खोलीतच काहीतरी वाईट आहे, असं माझ्या मनात यायला लागलं. यजमानांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अगं, दिवसभर एकटी असतेस. जागरणं झालीत. होईल बरं." काकूंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी मात्र दिवसातून दहादा बाळाच्या नाकापुढे बोट धरून श्वास लागतो का ते बघायची.

एका दुपारी पाऊस आडवा लागला होता. मी शेगडी आत घेतली, दार लावलं, वर कडी घातली आणि पाळण्याशेजारी शिवत बसले. किती वेळ गेला कळलं नाही. लंगोट उलटायला उठले तर पाय उचलेनात. मला वाटलं पायाला मुंग्या आल्यात. पुन्हा उठले आणि भिंतीवर आदळले. कानांत घूं घूं आवाज. पाळण्याकडे पाहिलं. बाळाचे गाल लालबुंद, तोंड किंचित उघडं. मी बोट तिच्या नाकापुढे नेलं, पण ते बोट माझं नसल्यासारखं झालं होतं. श्वास लागतोय की नाही, मला कळेना.

तिला उचलायला गेले तर हातांत जोर नव्हता. दार चार पावलांवर होतं. मी रांगत गेले. कडीपर्यंत हात पोचेना. मी दारावर थापा मारल्या, ओरडले. निदान ओरडले असं मला वाटलं. मग पाटा दिसला. त्यावर गुडघा टेकून वर झाले आणि कडी निघाली. वळकटीमुळे दार घट्ट बसलेलं. अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा ते उघडलं आणि मी ओट्यावर तोंडावर पडले.

काकू धावत आल्या. "काय झालं गो?"

मला एवढंच म्हणता आलं, "बाळ. आत."

त्या आत गेल्या आणि तिला घेऊन बाहेर आल्या. तिची मान त्यांच्या हातावरून लोंबत होती. त्यांनी तिला कौलांवरून गळणाऱ्या पावळीखाली धरलं. गार पाणी तोंडावर पडलं तरी ती हलली नाही. काकूंनी तिच्या तळपायावर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. मी जमिनीवर पडून बघत होते. थंड पाण्यापासून जिला मी इतकं जपलं, ती पावसात भिजत होती, आणि माझ्याच्याने उठवत नव्हतं. शेवटी तिच्या घशातून बारीकसा आवाज आला. मग तिने ओकारी काढली आणि ती रडली.

चाळीतल्या एकाने सायकलवरून जाऊन स्टेशनजवळच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी बाळाला तपासलं, खोलीत डोकावून पाहिलं आणि उभ्याउभ्याच शेगडी उचलून बाहेर चिखलात ठेवली.

"दारं बंद करून हे पेटवत होता?"

"धूर गेल्यावरच आत आणत होते, डॉक्टर."

"मारतो तो धूर नव्हे, बाई, धुमसण्यातून सुटणारा वायू. त्याला रंग नाही, वासही नाही. आणखी पाव तास गेला असता तर तुम्ही दोघीही उरला नसतात."

यजमान घरी आले. सगळं ऐकून घेतलं. मला एक शब्द बोलले नाहीत. ओले कपडेही न बदलता पटाशी घेऊन दाराची वळकटी उचकटली, खिडकीवरच्या पट्ट्या नखांनी ओरबाडल्या, स्टुलावर चढून चिंध्या ओढून काढल्या. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

बाळ वाचलं. पण निघताना डॉक्टर यजमानांना हळूच म्हणाले होते, "मेंदूवर परिणाम झालाय की नाही, ते मोठी होईल तसं कळेल." मी ते ऐकलं होतं.

पुढची दीडदोन वर्षं मी त्या वाक्यात राहिले. ती कधी पालथी पडते, कधी बसते, शेजारची मुलं कधी बसली होती. तिच्या पाठीमागे चमचा वाजवून ती वळते का ते बघायची. चालली वेळेवर, पण बोलेना. दीड वर्ष झालं तरी नुसतं बोट दाखवायची. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ लहान मुलांचे एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे नेलं. ते म्हणाले, "वाट बघा." वाट बघणं म्हणजे काय, हे त्यांना काय सांगणार!

तिला दोन वर्षं पुरी व्हायला आली होती. मी ओट्यावर वाल सोलत होते आणि ती सालं उडवत होती. मी ओरडले, "पुरे!" तिने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, नको ओरडू." एकदम तीन शब्द. मी सुपासकट काकूंकडे पळाले आणि दारात वाल सांडून रडत बसले.

तरी भीती गेली नाही, फक्त तिचा आकार बदलला. शाळेत तिचं गणित चुकलं की यजमान चिडायचे आणि मी वही त्यांच्या हातातून काढून घ्यायची. ती एखादी वस्तू विसरली, वाक्य अर्धवट सोडलं, की मी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहायची.

ती दहा वर्षांची असताना मला म्हणाली, "आई, धाकट्या भावाला तू किती रागावतेस. मला कधीच का नाही?"

तिला मी सगळं सांगितलं. शेगडी, दार, पावळी, सगळं. तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला कोणी काही बोललं का तेव्हा?"

"नाही."

मग दप्तर ओढून घेऊन तिने वही काढली आणि म्हणाली, "हे गणित बघ. तीनदा केलं. तीनदा चुकलं."

मी बघितलं. हातचा घ्यायचा राहिला होता. "लक्ष कुठे असतं गं तुझं?" मी म्हणाले. त्या वालांच्या दिवसानंतर पहिल्यांदाच जरा आवाज चढवून.