फेकून द्यायची काच

सुधाकर आमच्या घरी पहिल्यांदा आला, तो चप्पल काढून थेट नानांच्या बाजेवर जाऊन बसला. नाना म्हणजे माझे वडील. त्या बाजेवर गावातलं कुणी बसत नाही, आणि मी तर जन्मात कधी बसलो नव्हतो. मला वाटलं, आता याची खरडपट्टी निघणार. नाना जरा सरकले, त्याला जागा करून दिली आणि आत हाक मारली, "पाव्हण्याला च्या टाका गं!" तेव्हा माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. माणूस गेला, तरी नाही.

चाकणच्या कंपनीत आम्ही एकाच दिवशी लागलो. दोघंही डिप्लोमावाले, मी क्वालिटीत, तो मेंटेनन्सला. तो लातूरकडचा, चिखलीत खोली घेऊन एकटाच राहायचा. मी इथलाच, चाकणजवळच्या गावचा. दिसायला तो माझ्यापेक्षा काही विशेष नव्हता, शर्टाचं एक बटण कायम तुटलेलं. पण कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर माणसं मांडीला मांडी लावून बसायची आणि माझ्या टेबलावर जागाच जागा असायची.

आमच्या शॉपमध्ये लोक डब्याच्या पिशव्या एका मशिनच्या मुठीला अडकवत. मी पाटी लावली, 'येथे पिशव्या अडकवू नयेत.' ठसठशीत अक्षर, शुद्धलेखन दोनदा तपासलेलं. दुसऱ्या दिवशी काही पिशव्या मुठीला आणि काही पाटीच्या खिळ्याला! सुधाकरने शेजारच्या भिंतीवर हूक ठोकले. मूठ मोकळी झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली, आणि हा माझ्याकडे बघून म्हणतो, "माणसाला शिकवत बसू नको राव, वस्तूला शिकव की!" हे त्याचं नेहमीचं वाक्य. मी हसलो. चारचौघांत हसावंच लागतं.

मग आमच्या शिवारात बिबट्या आला. उसात लपायचा आणि अंधार पडला की गोठ्यांकडे यायचा. गावाने वर्गणी काढून अंधारातलं दाखवणारी दुर्बीण आणली आणि ती नानांच्या ताब्यात दिली. वस्तू महागाची. वाऱ्याने धूळ उडते, उसाची पात लागली तर कातडं फाटतं, तिथे काचेची काय कथा? नानांनी मला बोलावलं. मलाच! "तू कंपनीत हायेस न्हवं? हिच्या डोळ्याला कायतरी आडोसा कर." नानांनी माझ्याकडे आपण होऊन काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी अक्षरशः हवेत होतो.

मी जीव ओतला. दुर्बिणीच्या तोंडावर फिरवून बसवायची ॲल्युमिनियमची आटे पाडलेली कडी, तिच्यात चांगल्यातली पक्की काच, पुसायला मऊ कापड, आणि वापरायच्या सूचनांचा कागद, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला. सुधाकरला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "काम देखणं झालंय राव. पण नाना पुसणार कशानं?" मी म्हटलं, "कापड दिलंय की." तो नुसता मान हलवत राहिला. मला वाटलं, जळतोय.

नाना खांद्यावरच्या टॉवेलने पुसत. तोच टॉवेल बैलाच्या पाठीवरून फिरलेला, त्यानेच घाम टिपलेला, त्यातच शिवारातली माती. मी चारदा सांगितलं, चारदा त्यांनी "व्हय व्हय" म्हटलं, आणि हात टॉवेलकडेच. महिनाभरात काचेवर ओरखड्यांची जाळी झाली, आणि आट्यांत माती बसून कडी अशी आवळली की निघता निघेना. एका दिवेलागणीला नानांनी दुर्बीण लावली, त्यांना नुसतं धुकं दिसलं. "काय न्हाई, निवांत ऱ्हावा," असं ते शेजाऱ्याला म्हणाले. थोड्याच वेळात शेजाऱ्याचं वासरू गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस नाना पारावर बसायला गेले नाहीत.

रविवारी सुधाकर आला. मी बोलावलं नव्हतं. नानांनी फोन केला होता. त्याने आधी पकडीने माझी कडी सोडवली. मग अर्धा दिवस तो नुसता बसून बघत राहिला, कोण दुर्बीण कशी धरतं, कोण कशाने पुसतं. मग स्कूटरच्या जुन्या ट्यूबचं कडं कापलं. चिखलीच्या भंगारवाल्याकडून मशिनच्या दाराला लावतात त्या पारदर्शक प्लॅस्टिकचे तुकडे आणले होते, त्यांच्या गोल चकत्या केल्या. चकती दुर्बिणीच्या तोंडावर ठेवायची, वरून रबर ताणून बसवायचं. रबराला ओढायला एक शेपूट ठेवलेलं. सगळा खर्च चहा-वडापावचा.

"नाना, पुसा टॉवेलनं, हव्वं तसं घासा," तो म्हणाला. "खराब व्हायलाच केलीय ही. धूसर दिसाया लागलं की फेका अन् दुसरी लावा. आतली काच शाबूत ऱ्हाते."

नाना लहान मुलासारखे हसले. माझी कडी त्यांनी हातात घेतली, उलटसुलट केली आणि माझ्यादेखत त्याला म्हणाले, "ह्येचं काम लई भारी हाय, पर आमाला झेपत न्हाई." त्या दिवशी त्याच्यासाठी घरात कोंबडं कापलं. मला वाटी भरून रस्सा मिळाला. तंगडी त्याच्या ताटात.

तो वर्षभर चकत्या पुरवत राहिला. मग कावीळ झाली, अंगावर काढली आणि पाहता पाहता गेला. नाना गुडघे धरत लातूरपर्यंत गेले, तिथे ओक्साबोक्शी रडले. माझ्या बारशाला ते बैलबाजारात होते, असं आई सांगते. मी त्यांच्या शेजारी उभा राहून मनात म्हणत होतो, मी गेलो तर एवढे रडतील? मित्राच्या चितेपाशी माणसाच्या मनात काय यावं! पण आलं ते आलं.

चकत्या संपल्या तसं नाना म्हणाले, "तेवढ्या करून दे. त्येच्यावानी." मी त्याच भंगारवाल्याकडे गेलो. तुकडे आणले, कापले, कडा कानशीने घासल्या, ट्यूबचं कडं कापलं, त्याला शेपूटही ठेवलं. दिवेलागणीला नानांनी चकती बसवली, टॉवेलने खसाखसा पुसली आणि दुर्बीण उसाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी कधी ठेवला नव्हता.

"झ्याक," ते म्हणाले. "आगदी सुधाकरनं केल्यागत."

ज्या शाबासकीसाठी मी जन्मभर झुरलो, ती ही. मी गोठ्यामागे गेलो, सुधाकरच्या नावाने कडाकडा बोटं मोडली आणि त्याच्यासाठी पहिल्यांदा रडलो.