डावे चाक आणि माझी लेबलांची मोहीम

१२ जानेवारी, सकाळी सात वाजून पन्नास मिनिटे, तापमान १९ अंश. आमच्या विमानाने उजवा पाय वर घेतला आणि डावा उचलण्यास नकार दिला.

(विमान खरोखर आमचेच. खाणीतले डंपर दुरुस्त करून निवृत्त झालेल्या बाबांनी ते डिचोलीतल्या आमच्या अंगणात सात वर्षे खपून बांधले होते.) लाकडी ठोकळ्यांवर चढवलेले ते यंत्र आता खांबापाशी थबकलेल्या कुत्र्यासारखे दिसत होते! अकरा वाजता तपासनीस येणार होते. दोन्ही चाके पोटात गेली तर उड्डाणाची परवानगी. नाहीतर पुन्हा वर्षभर थांबणे. आणि बाबा सत्तरीला टेकलेले.

"हा केवळ तेलाच्या दाबाचा प्रश्न आहे," मी (एम.एस्सी., भौतिकशास्त्र, प्रथम श्रेणी) जाहीर केले. पंप निर्दोष निघाला. झडप निर्दोष निघाली. तेल आदल्या दुपारी मी स्वतः भरलेले, त्यामुळे ते संशयाच्या पलीकडे! उरला डावा सिलिंडर. तो उजवीकडे बसवला, उजवा डावीकडे. तास गेला. उन्हातले उजवे चाक झोकात वर गेले. फणसाच्या सावलीतले डावे जागचे हलले नाही.

एवढ्यात आई चहा घेऊन आली. "गो बाय, ह्या नव्या तेलाक मोटारीचो वास येता. केसांक लावून चार दिस झाले, जाता जाय ना."

"आई, वास हे मोजमाप नव्हे. मला आकडे दे."

"आकडे? शेजारीण आज दोन पावलां लांब रवान बोलली!"

मी ही नोंद अप्रस्तुत ठरवली. बाबांनी मात्र मला न विचारता डावीकडची नळी सोडवली. तिच्यातून पांढरा, घट्ट गोळा हळूहळू बाहेर आला. आईने तो बोटावर घेतला, हुंगला आणि कोपराला चोळून पाहिला.

"ह्यां तर माजां खोबरेल! थंडीन गोठलां." मग तिचा हात सावकाश डोक्याकडे गेला. "मगे माज्या केसांत काय आसा?"

घरातल्या प्रत्येक डब्याला सुवाच्य लेबल लावण्याची मोहीम त्याच आठवड्यात मीच राबवली होती.

"ऱ्हवांदे," बाबा घड्याळ पाहत म्हणाले. "ऊन चढलां, आता आपसूक चलतलां."

"आणि वर थंडीत? उतरायचं कशावर बाबा, पोटावर?"

त्यांनी पाना उचलला. आम्ही नळ्या धुतल्या, आईच्या डब्यात उरलेले खरे तेल भरले, नळ्यांत अडकलेली हवा काढली. अकराला तपासनीस आले. दोन्ही चाके पोटात गेली! बाबा फणसाच्या खोडाला टेकून खाली बसले.

"दोष कशात होता?" तपासनीसांनी विचारले.

डोक्याला टॉवेल गुंडाळून आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे बोट दाखवले. "हिच्या अक्षरात. लय सुंदर आसा, कोणाकय खरां वाटता!"

माझ्या नोंदवहीत त्या दिवसाच्या शेवटच्या दोन ओळी अशा आहेत. चाके वर जाण्यास लागलेला वेळ: नऊ सेकंद. आईचे केस धुण्याच्या फेऱ्या (पाणी तापवणार, अर्थातच, मी): सात.